घरमालक, भाडेकरू आणि म्युनिसिपालिटीची नोटीस
(नभोवाणीवरील भाषण)



मृग नक्षत्र जवळ आलें कीं आपल्या कोंकणांत घरोघर शाकारणीची घाई सुरू होते. कौलें उतरवावीं, फुटकीं बदलावीं, किडलेला वासा काढून नवा घालावा, पडवीला झडीचें पाणी लागूं नये म्हणून झांप बांधावे, हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. ज्याचें घर तो हें निमूटपणें करतो. त्याला दुसऱ्या कोणीं बजवावें लागत नाहीं. पण ज्या घराचा मालक एक आणि राहणारा दुसरा, तेथें हीच साधी गोष्ट अवघड होऊन बसते. कौल फुटलें आहे हें राहणाऱ्याला आधीं कळतें, कारण पाणी त्याच्या अंथरुणावर पडतें. नव्या कौलाचे पैसे मात्र मालकाच्या पेटींतून निघावयाचे असतात. हा व्यवहार दोघांत मिटला नाहीं म्हणजे तिसरा पक्ष मध्यें येतो, तो म्हणजे म्युनिसिपालिटी; आणि तिचें हत्यार म्हणजे नोटीस.

या नोटिशीचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावा असा विचार आहे. विषय दिसावयास रूक्ष आहे. परंतु ज्यांच्या दारावर असा कागद एकदां चिकटला आहे त्यांना त्यांतील प्रत्येक शब्दाची धास्ती ठाऊक असते.

आपल्या रत्नागिरीची म्युनिसिपालिटी १८७६ सालीं स्थापन झाली. आज तिचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यान्वयें चालतो, आणि मोडकळीस आलेल्या किंवा धोकादायक इमारतीविषयीं नोटीस देण्याचा अधिकार तिला त्या कायद्याच्या १९५ व्या कलमानें दिलेला आहे. परंतु या अधिकाराचा खरा इतिहास घडला तो मुंबईंत. आणि मुंबईचा इतिहास म्हणजे आपणां रत्नागिरीकरांना परक्याचा इतिहास नव्हे. बोटीनें भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणगांवची वाट धरणाऱ्यांत आपल्या जिल्ह्याचीं माणसें फार मोठ्या संख्येनें होतीं. एकेका गांवच्या मंडळीनें मिळून एक खोली भाड्यानें घ्यावी, पाळीपाळीनें कामावर जावें आणि पाळीपाळीनें तींत निजावें, अशी रीत होती. त्या खोलीचें भाडें कोणीं ठरवावें, तिला खिडकी असावी कीं नाहीं आणि ती पडली तर कोणीं कोठें जावें, हे प्रश्न गांवच्या घराशींहि बांधलेले होते. कारण त्या खोलीवरच गांवची मनीऑर्डर अवलंबून होती.

मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा मुख्य कायदा १८८८ सालचा आहे. त्याच्या ३५४ व्या कलमांत धोकादायक बांधकामाविषयीं मालकाला किंवा राहणाऱ्याला नोटीस देण्याची तरतूद झाली. मनुष्यवस्तीस अयोग्य असलेल्या घराचा वापर बंद करण्याचीहि तरतूद त्या कायद्यांत होती. अधिकार कागदावर भरपूर होते. ते चालवावे कोणीं हा प्रश्न होता. कॉर्पोरेशनचे मतदार प्रामुख्यानें करदाते, आणि करदात्यांत घरमालकांचें वजन मोठें. ज्या सभेनें घरमालकांवर अंमल बसवावयाचा तींत घरमालकच प्रबळ असल्यावर नोटिशीला धार कोठून यावी?

ती धार आणली एका रोगानें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगाचा, रोगी ओळखला. पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्यें जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली. घरें धुतलीं गेलीं, चुना लावला गेला, ऊन आंत यावें म्हणून छपरांवरचीं कौलें काढलीं गेलीं. ज्या घरांत माणसानें राहणें योग्य नाहीं असें ठरे त्याच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगवलीं जात. वाचतां न येणाऱ्यालाहि तीं अक्षरें दिसलीं कीं बोचकें बांधावयाचें हें समजत असे. ती नोटीस मालकासाठीं होती. पण घर सोडून रस्त्यावर प्रथम आला तो भाडेकरू. नोटिशीच्या इतिहासांतील हें दुःख पहिल्या दिवसापासूनचें आहे, आणि तें पुढें कोठेंहि सुटलेलें नाहीं.

१८९८ सालीं सरकारनें मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट निर्माण केला. ग्लासगो शहरांत १८६६ सालीं असा ट्रस्ट निघाला होता, त्याचें उदाहरण कर्त्यांच्या डोळ्यांपुढें होतें. दाटीचा भाग विकत घ्यावा, पाडावा, रुंद रस्ते काढावे, वारा आणि उजेड आणावा, असा त्याचा बेत. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते या बेताचेंच फळ. आतां घरमालकांचा झगडा नोटिशीवरून भरपाईकडे वळला, आणि त्यासाठीं स्वतंत्र न्यायासन नेमावें लागलें. येथें एक विलक्षण गोष्ट दिसून आली. घराची किंमत त्याच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरावयाची. म्हणजे ज्या मालकानें एका खोलींत दहा माणसें कोंबलीं त्याचें उत्पन्न अधिक, म्हणून त्याची भरपाईहि अधिक; आणि ज्यानें चौक मोकळा ठेवला, खिडक्या काढल्या, माणसें बेतानें ठेवलीं, त्याच्या पदरांत कमी. दाटी मोडण्यासाठीं निघालेला कायदा दाटी करणाऱ्याला बक्षीस देऊं लागला. शिवाय जीं घरें पाडलीं त्यांतील माणसें कांहीं गांवीं परत गेलीं नाहींत. तीं शेजारच्या गल्लींत शिरलीं, आणि तेथील भाडीं चढलीं.

ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनीं हें ओळखलें. १९१२ सालीं त्यांनीं घरांतील उजेड आणि हवा या विषयावर जो विचार मांडला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. नांव ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. समोरची भिंत जितकी उंच असेल तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्यें असावी, म्हणजे आकाशाचा उजेड तळमजल्यावरील खोलींत पोंचतो. एवढाच त्याचा अर्थ. सगळी वस्ती पाडून टाकण्यापेक्षां एकेका मालकाकडून भिंतींत खिडकी पाडवून घ्यावी, एकादी अंधारकोठडी बंद करवावी, मागची गल्ली मोकळी करवावी, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे पुन्हां नोटीसच.

येथें घरमालकाचीहि बाजू ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणे, मीं घर बांधलें तेव्हांच्या नियमांप्रमाणें बांधलें. नियम मागाहून बदलले तर दोष माझा कसा? खिडकीसाठीं एक खोली मोडावयाची तर त्या खोलीचें भाडें कायमचें जातें, तें कोण भरून देणार? दोन माणसांना दिलेल्या खोलींत भाडेकरूच आणखी आठ आणतो, त्याला मी काय करूं? हे प्रश्न केवळ लोभाचे नव्हते. घर हें कित्येक लहान मालकांचें एकमेव उत्पन्न होतें, आणि तें बहुधा कर्जावर उभें असे. परंतु याच मालकाला कोणीं उलट विचारलें असतें, कीं अंधारांत आणि ओलींत निजणाऱ्या माणसाचे प्राण कोणाच्या हिशेबांत धरावयाचे, तर त्यालाहि सरळ उत्तर देतां आलें नसतें. दोन्ही बाजूंना कांहीं खरें होतें, म्हणूनच हा वाद इतका लांबला.

पहिल्या महायुद्धानें या झगड्याचें रूप पालटलें. बांधकाम थांबलें, माणसें वाढलीं, भाडीं भडकलीं. ग्लासगोंत १९१५ सालीं भाडेकरूंनीं भाडें देणें बंद केलें, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटला भाड्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. मुंबईंत तसा कायदा १९१८ सालीं आला. १९२२ सालीं दरमहा दहा रुपये भाडें भरणाऱ्यांनाहि कॉर्पोरेशनच्या निवडणुकींत मत मिळालें. याच सुमारास सरकारनें स्वतःच घरमालक होण्याचें ठरवलें. डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या, प्रत्येकींत ८० खोल्या. खासगी मालकाला नोटिसा देऊन जें साधेना तें सरकारी चुन्या-सिमेंटानें साधावें, असा तो प्रयत्न होता.

दुसऱ्या महायुद्धानें पुन्हां तेंच संकट आणलें, आणि १९४७ सालीं मुंबई इलाख्याचा तो प्रसिद्ध भाडे-नियंत्रण कायदा झाला. १९४० च्या सप्टेंबरांत जें भाडें होतें तें प्रमाणभूत धरलें गेलें. भाडेकरूला विनाकारण काढतां येऊं नये, त्याच्यावर वाटेल तितकें भाडें लादतां येऊं नये, हा हेतु अगदीं योग्य होता. त्या कायद्यानें लाखों कुटुंबांना आसरा दिला, आणि त्यांत आपल्या जिल्ह्याचीं कुटुंबें थोडीं नव्हतीं. त्याच कायद्यानें घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर ठेवली, आणि मालक ऐकेना तर त्याला सूचना देऊन भाडेकरूनें स्वतः दुरुस्ती करावी व ठराविक मर्यादेंत तो खर्च भाड्यांतून वळता करावा, अशीहि सोय केली.

परंतु भाडें गोठलें तरी चुना, लाकूड आणि मजुरी गोठत नाहींत. समजा, बारा खोल्यांची एक चाळ आहे आणि खोलीचें भाडें दरमहा आठ रुपये. वर्षाचें उत्पन्न झालें १,१५२ रुपये. १९४० सालीं एवढ्या रकमेंत बरेंच काम होई. तीस-चाळीस वर्षांनंतर तेवढ्यांत एका खोलीचा गिलावाहि धड होईना. मालक म्हणूं लागला, भाडें वाढवूं द्या, मग दुरुस्ती करतों. भाडेकरू म्हणूं लागला, आधीं दुरुस्ती करा. दोघेहि बोलत राहिले, आणि तुळई मात्र कुजत राहिली. याच स्थितींतून पागडीचा व्यवहार फोफावला. जो पैसा उघडपणें भाड्यांत मिळत नव्हता तो खोली हातोहात बदलतांना आडमार्गानें घेतला जाऊं लागला. १९९७ च्या डिसेंबरांत सुप्रीम कोर्टानेंहि असें म्हटलें, कीं भाडीं अशीं गोठवून ठेवणें काळाच्या ओघांत अवाजवी झालें आहे. १९९९ च्या नव्या कायद्यानें दर वर्षीं चार टक्के वाढीची मुभा दिली. पण जेथें मूळ आंकडाच आठ रुपयांचा, तेथें चार टक्क्यांनीं काय भागणार!

आतां या कथेंतील सर्वांत चमत्कारिक वळण सांगावयाचें आहे. पूर्वी म्युनिसिपालिटीची नोटीस आली कीं मालक कोर्टाकडे धांवत असे, कारण नोटीस म्हणजे खर्च. भाडें गोठल्यानंतर असे मालक दिसूं लागले कीं ज्यांना नोटीस हवीशी वाटूं लागली. कायद्यांत एक कारण असें आहे, कीं अधिकृत संस्थेनें इमारत पाडण्याचा हुकूम केला असेल तर मालकाला जागेचा ताबा मागतां येतो. मग दुरुस्ती कशाला करावयाची? इमारत आपणहून मोडकळीस येऊं द्यावी. नोटीस येईल, माणसें बाहेर पडतील, जागा मोकळी होईल. सगळेच मालक असे नव्हेत, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु ज्या नोटिशीविरुद्ध पूर्वी मालक भांडे, तिच्याविरुद्ध आतां भाडेकरूहि भांडूं लागला. मालकाचा इंजिनियर म्हणतो, इमारत आज पडेल. भाडेकरूंचा इंजिनियर म्हणतो, टेकू देऊन आणखी वीस वर्षें टिकेल. अशा परस्परविरुद्ध अहवालांचा निवाडा करण्यासाठीं मुंबईंत तज्ज्ञांची सल्लागार समिति असते. २०१४ सालीं मुंबई हायकोर्टानें या बाबतींत मार्गदर्शक नियम घालून दिले, आणि त्यांत एक गोष्ट फार मोलाची आहे: इमारत पाडण्यापूर्वीं प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यांतील जागा मोजून तिची नोंद ठेवावी. त्याच वर्षीं सुप्रीम कोर्टानें असा निर्णय दिला, कीं म्युनिसिपालिटीनें इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाहीं. कारण त्याचा संबंध केवळ भिंतींशीं नसून खालच्या जमिनीशींहि असतो. म्हणजे घर गेलें तरी हक्क उरतो. यू. एच. एच. हीं अक्षरें पाहून बोचकें बांधणाऱ्याला असा आधार कोणीं दिला नव्हता.

मुंबई शहरापुरता सरकारनें आणखी एक उपाय केला. १९६९ सालीं इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ स्थापन झालें. जुन्या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्या पैशानें मंडळानें दुरुस्ती करावी, अशी ती योजना. त्या वेळीं अशा १९,६४२ इमारती होत्या. घरमालकांनीं या कायद्याला दिलेलें आव्हान सुप्रीम कोर्टांत टिकलें नाहीं. १९८६ सालीं सरकार याहून पुढें गेलें. सत्तर टक्के रहिवासी एकत्र येऊन सहकारी संस्था करतील तर इमारत मालकाकडून घेऊन त्यांना द्यावी, आणि मालकाला शंभर महिन्यांचें भाडें द्यावें, अशी तरतूद झाली. आठ रुपयांच्या खोलीचे शंभर महिन्यांचे आठशें रुपये होतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मालक कां चिडले तें समजतें. मालकांच्या संघानें मुंबई हायकोर्टांत अपयश आल्यावर सुप्रीम कोर्टाकडे धांव घेतली. तेथें हा वाद मोठ्याहून मोठ्या पीठापुढें जात राहिला, आणि अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें निर्णय दिला, कीं प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ति आहे असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. एका जुन्या चाळीच्या दुरुस्तीवरून निघालेला प्रश्न राज्यघटनेच्या मुळाशीं कसा जाऊन भिडतो, याचें हें उदाहरण आहे.

नोटिशीचा वादहि थांबलेला नाहीं. अलीकडे कायद्यांत ७९-अ हें कलम आलें. इमारत धोकादायक ठरल्यावर मालकाला सहा महिन्यांची नोटीस. त्यानें पुनर्बांधणीची योजना आणली नाहीं तर पुढची संधि भाडेकरूंना. आणि त्यांनींहि कांहीं केलें नाहीं तर सरकारी मंडळानें स्वतः काम हातीं घ्यावें, असा त्याचा क्रम आहे. या कलमाखालीं निघालेल्या नोटिसांविरुद्ध घरमालक पुन्हां हायकोर्टांत गेले. २०२५ च्या जुलैमध्यें हायकोर्टानें अशा ९३५ नोटिसांना स्थगिति देऊन चौकशीसाठीं समिति नेमली. मुख्य प्रश्न असा होता, कीं इमारत खरोखर धोकादायक आहे हें योग्य अधिकाऱ्यानें योग्य रीतीनें ठरवल्याशिवाय असा कागद काढतां येईल काय? नोटीस ही सत्तेची आहे, पण तिच्यामागें पाहणी असली पाहिजे, कारणें असलीं पाहिजेत आणि ज्याला ती दिली त्याचें म्हणणें ऐकलें गेलें पाहिजे, हें तत्त्व यांत आहे. घरमालकानें लढून मिळवलेलें हें तत्त्व भाडेकरूच्याहि उपयोगाचें आहे.

पण दिरंगाईची किंमतहि विसरतां येत नाहीं. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडी बाजारांतील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. ती धोकादायक असल्याची नोंद आधींच झालेली होती. तरी तींत माणसें राहत होतीं. अशा ठिकाणीं कोर्टांतील तारखा आणि कुजणाऱ्या तुळया यांची शर्यत लागते, आणि तुळई कांहीं तारखेची वाट पाहत नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. मुंबई शहरांतील जुन्या चाळींना दुरुस्ती-मंडळ तरी आहे. रत्नागिरीसारख्या गांवांतील भाड्याच्या घराला तसें मंडळ नाहीं. येथें मालक, भाडेकरू आणि नगरपरिषद एवढे तिघेच. शिवाय आपल्याकडे एक गंमत अशी, कीं एकाच कुटुंबाला दोन्ही भूमिका कराव्या लागतात. थोरला भाऊ मुंबईंत भाड्याच्या खोलींत राहतो आणि मालक दुरुस्ती करीत नाहीं म्हणून तळमळतो. त्याच भावानें गांवचें जांभ्याचें घर कोणाला भाड्यानें दिलेलें असतें, आणि तेथील भाडेकरू पावसाळ्यांत पन्हाळीखालीं घागर लावून त्याच्या पत्राची वाट पाहत असतो. आपणच आपले प्रतिवादी! तेव्हां एकाच पक्षाला खलपुरुष ठरवून या प्रश्नाचा उलगडा होणार नाहीं.

सव्वाशें वर्षांच्या या इतिहासांतून व्यवहाराच्या चार गोष्टी निघतात, त्या सांगून संपवितों. नोटीस आली तर ती मालकाची म्हणून भाडेकरूनें दुर्लक्षूं नये, आणि भाडेकरू पाहून घेईल म्हणून मालकानें पेटींत टाकूं नये. तींतील मुदत त्या दिवसापासून चालू होते. इमारतीची पाहणी कोणीं केली आणि कोणत्या कारणानें ती धोकादायक ठरली, हें दोघांनींहि लेखी मागावें. घर सोडण्याची वेळ आलीच तर आपल्या जागेचें मोजमाप नोंदवून घ्यावें, आणि भाड्याच्या जुन्या पावत्या जिवापाड जपाव्या. ट्रंकेच्या तळाशीं पडलेला तो पिवळा कागद उद्यां घराहून अधिक टिकाऊ ठरूं शकतो. आणि चौथी गोष्ट सर्वांत जुनी आहे: मृग लागण्यापूर्वीं मालकानें आणि भाडेकरूनें एकदां मिळून शिडी लावावी आणि छपरावर काय झालें आहे तें दोघांनीं पाहावें. खर्चाची वांटणी मग करतां येईल. वासा मोडल्यावर जी वांटणी होते तींत एकाच्या वांट्याला रिकामी जमीन येते, दुसऱ्याच्या वांट्याला बोचकें येतें, आणि सुखी कोणीच होत नाहीं.